राग कुणावर निघतो?

अंबड तालुक्यातून एका बंधूंचं सविस्तर पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. पत्रातला गरजेपुरता भाग देते:

"आदरणीय मावशी, सलाम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४६. आमच्या चर्चच्या मंडळीत बरीच वर्षं पंच आहे, उपासनेत पेटीही मीच वाजवतो. जानेवारीत वार्षिक सभेत एका तरुणानं कापणीच्या सणातल्या लिलावाचा हिशोब मागितला. माझ्याच संडे स्कूलमध्ये शिकलेला मुलगा. माझा तोल गेला. 'तुला बोलायला शिकवलं कुणी, ते विसरलास का?' असं भर सभेत ओरडलो. हिशोब चोख होता, तरीही. घरी येऊन जेवणाचं ताट भिरकावलं. हात कधी उचललेला नाही, पण मुलगी तेव्हापासून माझ्यासमोर जेवायला बसत नाही. मग ईस्टरआधीच्या लेंटमध्ये, उपासाच्या काळात, चाळीस दिवस रागवायचं नाही असा नेम केला, उपासही धरले. नेम पाळला. ईस्टरच्या संध्याकाळी मटणात मीठ जास्त झालं एवढ्यावरून पुन्हा तेच. खरं सांगतो, त्या चाळीस दिवसांत मला इतरांचेच राग दिसायला लागले होते आणि आपण त्यांच्याहून बरे, असं वाटत होतं. आता पंचमंडळाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. आणखी एक. माझे आजोबा वेशीबाहेर राहिले, दोर वळून पोट भरलं, वाड्यासमोरून जाताना चपला हातात घ्यायचे. वडिलांनी एकच शिकवलं, मान खाली घालायची नाही. पाळकसाहेब लीनतेवर संदेश देतात तेव्हा माझ्या आत काहीतरी ताठ होतं. मी लीन कसा होऊ? आणि स्वतःला आवरू कसं?"

प्रिय बंधू,

सलाम. तुम्ही पत्रात स्वतःची बाजू मांडत बसला नाहीत. हिशोब चोख होता हेही जाता जाता लिहिलंत, सबब म्हणून नाही. त्यामुळे मीही आडवळणानं न लिहिता सरळच लिहिते.

आधी एक प्रश्न विचारते. गटशिक्षणाधिकारी शाळा तपासायला येतात, चारचौघांत तुमच्या वर्गाच्या उणिवा काढतात, कधीकधी न केलेल्या चुकीबद्दलही बोलून जातात. तेव्हा तुम्ही काय भिरकावता? काहीच नाही. 'हो साहेब' म्हणता, घाम पुसता, फाइल पुढे करता. म्हणजे स्वतःला आवरण्याची ताकद तुमच्यात आहे, आणि भरपूर आहे. नोकरीतली इतकी वर्षं ती रोज कामाला येते. हिशोब विचारणाऱ्या पोरासमोर आणि ताट वाढणाऱ्या बायकोसमोरच ती नाहीशी होते. तुमचा राग बेलगाम नाही. तो उतार बघून वाहतो.

म्हणून तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. आपण ज्याला आपल्याहून मोठा मानतो, त्याच्यासमोर आपल्याला संयम जमतो. ज्याला लहान मानतो, त्याच्यासमोर तो सुटतो. नुसता राग दाबण्याचा नेम चाळीस दिवस टिकेल, पण समोरचा आपल्याहून खालचा आहे हा हिशोब मनात तसाच राहिला, तर एकेचाळिसाव्या दिवशी मिठाचंही निमित्त पुरतं. बायबलमध्ये फिलिप्पैकरांना प्रेषित पौल लिहितो ते तुम्ही कितीदा वाचून दाखवलं असेल: लीनतेनं दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ माना (२:३). 'दुसऱ्याला' या शब्दात तुमची बायको येते, मुलगी येते, तो तरुणही येतो.

आता आजोबांबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मी सगळ्यांत जास्त वेळा वाचला. मराठवाड्यातल्या आपल्या अनेक घरांत असा एक आजोबा असतो. निजामाच्या राज्यात वेठ करणारा, गावात शिरताना स्वतःला आकसून घेणारा. अशा घरातल्या माणसाला 'लीन हो' म्हणताना सांगणाऱ्यानं दहादा विचार करावा. वाड्यासमोर हातात घेतलेल्या चपला ही लीनता नव्हती. ती बळजबरी होती. पुढच्या पिढीनं मान वर केली ते बरोबरच केलं. तुमच्या वडिलांचा शब्द मोडा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. शिष्यांचे पाय धुण्याच्या प्रसंगाआधी योहान एक वाक्य लिहितो, आणि आपण ते घाईत ओलांडून जातो. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे जाणून येशू जेवणावरून उठला (१३:३). मग रुमाल कमरेला बांधला. स्वतः कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याला वाकता आलं. त्याला कुणी वाकवलं नव्हतं. तुमच्या आजोबांना वाकवलं गेलं. प्रभू आपणहून वाकला, आणि आपल्या हाताखालच्या माणसांसमोर वाकला. वडिलांनी दिलेली ताठ मान तुमच्याजवळ आहे, म्हणूनच तुम्हाला खरं लीन होता येईल.

आणखी दोन ठिकाणं दाखवते. मुख्य याजकासमोर एका शिपायानं येशूला चपराक मारली. तेव्हा तो ओरडला नाही आणि गप्पही बसला नाही. 'मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, चांगलं बोललो असेन तर का मारतोस?' असं त्यानं विचारलं (योहान १८:२३). फिलिप्पैत पौल-सीलांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप निघून जा म्हणून निरोप आला. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्यानं कळवलं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). लीन माणूस अन्याय मुकाट्यानं गिळतो, असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. वरच्यासमोर ताठ आणि खालच्यासमोर नरम, असं पवित्र शास्त्रातल्या या माणसांचं वागणं आहे. आपलं बरेचदा नेमकं उलटं असतं.

यापुढचं वाक्य लिहिताना मलाही जड जातं. वाड्यातल्या माणसानं तुमच्या आजोबांना चपला हातात घ्यायला लावल्या, त्यामागे एक समजूत होती: हा आपल्याला उत्तर देऊ शकत नाही. ताट भिरकावताना आणि 'तुला बोलायला शिकवलं कुणी' म्हणताना तुमच्याही मनात, क्षणभर का होईना, तीच समजूत होती. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. आजोबांचं दुःख तुम्ही इतकं जपून ठेवलं आहे, म्हणून हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल, असा माझा विश्वास आहे.

जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव तुम्हाला ठाऊक असेलच. रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. पुढे ते जालन्याकडे आले आणि ज्यांची सावलीही टाळली जायची त्या मांग कुटुंबांमध्ये त्यांनी आपलं आयुष्य घालवलं. बेथेल त्यातूनच उभं राहिलं. त्या काळात त्यांच्या जातीच्या माणसानं अशा घरी बसणं म्हणजे काय, याची कल्पना करा. ते खाली आले, आणि तुमच्या-माझ्या पूर्वजांना वर उठता आलं. आपल्या भागातल्या मंडळ्यांची मुळं अशा लीनतेत आहेत. संदेशाच्या वेळी तुमच्या आत काही ताठ होतं तेव्हा हे आठवून पाहा.

लेंटच्या नेमाबद्दल. उपास करणं चुकीचं नव्हतं, पुढच्या वर्षीही करा. पण लूकाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, काय म्हणतो? आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो, या जकातदारासारखा मी नाही. त्याचे उपास खरे होते, दशांशही खरा होता. घात झाला तो शेजाऱ्याकडे बघण्यात. तुम्ही चाळीस दिवस स्वतःचा राग मोजला असता तर ठीक होतं. तुम्ही इतरांचा मोजायला लागलात, आणि तो हिशोब सुरू झाल्यावर माणूस एक दिवसही उपाशी राहत नाही, अहंकार त्याचं पोट भरत असतो. हे तुमचं तुम्हाला दिसलं आणि तुम्ही ते लिहिलंत, ही देवाची कृपा आहे. फार थोड्यांना दिसतं.

पुढच्या खेपेला दिवस मोजू नका. आज कुणाचं ऐकून घेतलं, एवढंच रात्री प्रार्थनेत देवाला सांगा. गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) सौम्यता आणि इंद्रियदमन आत्म्याच्या फळात गणले आहेत. फळ झाडाला धरतं, दात-ओठ खाऊन ते धरवता येत नाही. पण झाडाची निगा राखावी लागते, आणि ती निगा म्हणजे प्रार्थना, वचन आणि क्षमा मागणं. त्यातलं शेवटचं आपण नेमकं टाळतो.

तेव्हा तिथूनच सुरुवात करा. त्या तरुणाच्या घरी जा. त्याला बोलावून घेऊ नका, फोन करू नका, पाळकसाहेबांना मध्ये घालू नका. जाताना लिलावाच्या हिशोबाची वही बरोबर घ्या. आधी क्षमा मागा, मग वही पुढे ठेवा. 'मी भर सभेत तुझा अपमान केला. मला क्षमा कर.' एवढंच बोला. 'पण तूही विचारायची पद्धत...' हे वाक्य जिभेवर येईल. ते गिळा. तो घुश्शात असेल, थंडपणे बोलेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. तरी क्षमा मागितलेली वाया जात नाही. अपमान सभेत झाला, म्हणून पुढच्या सभेतही एक वाक्य बोला. एकच. लांबलचक साक्ष दिलीत तर सभेचं लक्ष पुन्हा तुमच्यावरच जाईल. देवासमोर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये, असं प्रभूनं सांगितलं आहे (मत्तय ५:२३-२४). पुढच्या प्रभुभोजनाच्या आत हे उरकून घ्या.

आणि हिशोब मागितला याचा आनंद माना. ज्या मंडळीत तरुण हिशोब विचारतात ती मंडळी जिवंत आहे. त्याला विचारायचं धाडस आलं, त्यात संडे स्कूलमधल्या तुमच्या शिकवणीचाही वाटा असणार.

घरचं याहून कठीण आहे, कारण घरात क्षमा मागण्याची आपल्या पुरुषांना सवय नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं तुम्ही पेटीवर वाजवत असाल. त्या भक्तिरसाच्या धन्याचा तापट स्वभाव घरात कसा उतरायचा, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणानं लिहिलं आहे. मोठ्या भक्ताच्या रागाचीही झळ सोसतो तो घरातलाच माणूस.

हात उचलला नाही, असं तुम्ही लिहिता. ठीक. पण भिंतीवर आपटलेल्या ताटाचा आवाज ऐकणाऱ्या मुलीला पुढच्या वेळी काय होईल हे ठाऊक नसतं. ती तुमच्यावर रुसलेली नाही, ती तुम्हाला घाबरते. तिला जेवायला बसण्याचा आग्रह करू नका. बायकोची आणि तिची वेगवेगळी क्षमा मागा, आणि लगेच सगळं पूर्ववत व्हावं अशी अपेक्षा धरू नका. विश्वास परत यायला तुमच्या नेमापेक्षा जास्त दिवस लागतील.

दाविदाची एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. नाबाल नावाच्या माणसानं अपमान केला तेव्हा दाविदानं चारशे माणसांना तलवारी बांधायला लावल्या आणि त्याच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही, असं ठरवून निघाला. वाटेत नाबालाची बायको अबीगईल आडवी आली. ज्या घरावर तो चालून निघाला होता त्याच घरातली बाई. तिनं त्याला थांबवलं, आणि दावीद थांबला. वर म्हणाला, तुझी सुज्ञता धन्य, तू धन्य, आज तू मला रक्तपातापासून आवरलंस (१ शमुवेल २५:३३). दाविदाला त्या दिवशी स्वतःला आवरता आलं नाही. त्यानं दुसऱ्याला आपल्याला आवरू दिलं. माझ्या मते आत्मसंयमनाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत अशीच होते, आणि त्यासाठी समोरच्या बाईचं म्हणणं आपल्या तलवारीपेक्षा मोलाचं मानावं लागतं.

म्हणून शांत असाल अशा वेळी पत्नीला विचारा: 'माझा आवाज चढतोय असं वाटलं तर मला थांबवशील का?' त्यांना जमत असेल, सुरक्षित वाटत असेल, तरच. एखादा शब्द ठरवा. तो ऐकला की उठायचं आणि अंगणात जायचं. 'मी रागावलेलोच नाही' हा वाद घालायचा नाही. गाडी काढून जायचं नाही. परत येऊन शांतपणे बोलता आलं तर बोलायचं, नाहीतर त्या दिवशी नाही. त्या नको म्हणाल्या तर ती जबाबदारी त्यांच्यावर लादू नका, मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या माणसाला आठवड्याला एकदा खरं खरं सांगत जा. आणि एवढं करूनही पुन्हा काही भिरकावलं गेलं किंवा हात उठला, तर समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका. अशा वेळी त्या लेकीला घेऊन माहेरी गेल्या तर मंडळीनं त्यांना 'सोसा, लीन व्हा' असं सांगू नये. मार सोसण्याला शास्त्र लीनता म्हणत नाही, आणि पंच म्हणून हे तुम्हीच मंडळीत सांगायला हवं.

काही साध्या गोष्टीही पाहा. तुमचे दोन्ही प्रसंग दमल्या-भुकेल्या अवस्थेतले आहेत. सभा लांबली होती, ईस्टरला पहाटेच्या उपासनेपासून तुम्ही उभे होता. शाळेतून आल्यावर आधी पाणी, काहीतरी खाणं, मग घरातल्या तक्रारी. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, झोप किती होते ते बघा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उत्तर लिहूच नका, सकाळी वाचलंत तर निम्मी उत्तरं द्यावीशी वाटणार नाहीत. याकोब सांगतो तसं ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश (१:१९). त्यात ऐकणं पहिलं आहे.

नीतिसूत्रांत म्हटलं आहे की ज्याला स्वतःच्या मनावर ताबा नाही तो तट पडलेल्या गावासारखा असतो (२५:२८). परंड्याचा किल्ला पाहिला असेल तर तट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तट असला की कुणाला आत घ्यायचं, केव्हा दार लावायचं, हे गाव ठरवतं. तट पडला की ते येणारा-जाणारा ठरवतो. कुणीही एक वाक्य बोलतो आणि तुमची संध्याकाळ त्याच्या ताब्यात जाते.

शेजारच्या पैठणच्या नाथांची गोष्ट आपण सगळे ऐकतच मोठे झालो. गोदेवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला जायचे, तो पुन्हा थुंकायचा. शेवटी तोच वरमला, तर नाथ म्हणाले, तुझ्यामुळे मला इतक्या वेळा गोदास्नान घडलं. आपली श्रद्धा वेगळी असली तरी या गोष्टीतलं मला फार मोलाचं वाटतं ते हे, की थुंकणारा माणूसही नाथांच्या लेखी काहीतरी देणारा होता. हिशोब विचारणाऱ्या मुलाकडे असं पाहता येईल का?

राहिला राजीनामा. तो सध्या देऊ नका. रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा बहुतेक वेळा 'माझ्याशिवाय चालवून दाखवा' असं म्हणत असतो, आणि आपल्याला तो त्याग वाटतो. मुदत संपेपर्यंत थांबा. मुदत संपल्यावर पुन्हा उभं राहायचं की नाही, हे तेव्हा त्या तरुणाला आणि तुमच्या पत्नीला विचारून ठरवा. आत्ता फक्त एक बदल करा. पेटी महिन्यातून एक-दोन रविवार दुसऱ्या कुणाला तरी वाजवू द्या, सूर चुकला तरी. त्या रविवारी मागच्या सतरंजीवर मुलांबरोबर बसा. आणि कापणीच्या सणाला प्रीतिभोजनाच्या पंगतीत वाढायला उभे राहा. मी तुमच्यामध्ये सेवा करणाऱ्यासारखा आहे, असं प्रभू म्हणाला ते जेवणाच्याच जागी (लूक २२:२७). बादली घेऊन वाढताना प्रत्येकासमोर वाकावंच लागतं, लहान मुलासमोरही. ते करताना कुणी फोटो काढायला लागलं तर काढू देऊ नका.

पत्र मिळाल्यावर आधी त्या तरुणाकडे जाऊन या. मग मला लिहा. तुमच्या पत्नीला काही लिहावंसं वाटलं तर त्यांनी स्वतंत्रपणे लिहावं, त्यांचं पत्र तुम्ही वाचू नका आणि मीही ते छापणार नाही.

तुमची,
मावशी